कमी पैशांत जिवंत होणारी खेळणी : बालविज्ञानपट कशावर चालतो?

चावीचा_घोडा (धागाकर्ता)

१९९५ साली खेळणी जिवंत होतात अशा दोन अमेरिकी गोष्टी पडद्यावर आल्या. ‘टॉय स्टोरी’बद्दल वेगळं सांगायला नको. दुसरी थेट व्हिडिओ कॅसेटवर आली. ‘जॉश कर्बी : टाइम वॉरियर’ ह्या सहा भागांच्या मालिकेतला तिसरा भाग, ‘ट्रॅप्ड ऑन टॉयवर्ल्ड’. विसाव्या शतकातला एक शाळकरी मुलगा काळाच्या प्रवासात ओढला जातो, एका यंत्राच्या विखुरलेल्या तुकड्यांमागे भागाभागातून हिंडतो आणि ह्या भागात जिवंत खेळण्यांच्या जगात अडकतो. चार्ल्स बँड ह्यांच्या फुल मून कंपनीने मुलांच्या चित्रपटांसाठी मूनबीम नावाची शाखा काढली होती, ही तिची निर्मिती. चित्रीकरण रुमानियातलं.

ह्या धाग्यात त्या एका चित्रपटाचं परीक्षण करायचं नाहीये. मला त्या अख्ख्या जातकुळीबद्दल बोलायचंय: हाताशी थोडे पैसे, एखाददुसरं मूल, चार बाहुल्या, आणि ‘ही खेळणी जिवंत आहेत’ हे मुलांना पटवायची जबाबदारी. असे चित्रपट मला मनापासून आवडतात. लोक त्यांची ‘स्वस्तातला माल’ म्हणून बोळवण करतात तेव्हा वाईट वाटतं, कारण पडद्यावर खेळणं जिवंत करणं हे काम पैशांच्या जोरावर होतच नाही, असं माझं ठाम मत आहे.

मला वाटतं, खेळणं जिवंत वाटतं ते त्याला काय काय जमत नाही त्यावरून. लाकडी शिपायाचे गुडघे वाकत नाहीत. कापडी अस्वलाला बोटं नाहीत. पत्र्याच्या बेडकाला फक्त पुढे उडी मारता येते, मागे वळता येत नाही. आता तो शिपाई जिना कसा चढेल? ह्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जी हालचाल सुचते, ती त्या शिपायाचीच असते, दुसऱ्या कुणाची असू शकत नाही. मग प्रेक्षक त्याच्या बाजूने विचार करू लागतो. ज्या क्षणी शिपाई माणसासारखा सरळ टणाटण जिना चढून जातो, त्या क्षणी पडद्यावर खेळण्याचे कपडे घातलेला कुणीतरी उरतो.

आणि इथे कमी बजेट आड येत नाही, उलट मदतीला येतं. कळसूत्री बाहुलीला सगळ्या हालचाली करता येत नाहीत? उत्तम, खेळण्यालाही येत नाहीत. ह्याच कारणाने श्रीमंत ‘टॉय स्टोरी’ही खेळण्यांकडेच वळली होती. तेव्हाच्या संगणकाने काढलेली जवळपास प्रत्येक वस्तू प्लॅस्टिकची वाटायची. कातडी, केस, कापडाच्या चुण्या नीट जमत नव्हत्या. ‘टॉय स्टोरी’ करणाऱ्या पिक्सार स्टुडिओच्याच १९८८च्या ‘टिन टॉय’ ह्या लघुपटात पत्र्याचं खेळणं झकास जमलंय, बाळ मात्र बघवत नाही. मग पहिला संपूर्ण संगणकीय चित्रपट करताना त्यांनी प्लॅस्टिकचीच दिसायला हवीत अशी पात्रं घेतली. म्हणजे मर्यादा पाहूनच विषय निवडला. मोठ्या स्टुडिओने केलं की आपण त्याला दूरदृष्टी म्हणतो, छोट्याने केलं की हात आखडता घेतला म्हणतो. हे मला पटत नाही.

तुम्ही पाहिलेल्या अशा चित्रपटांत काय जमलं होतं, काय फसलं होतं, ते सविस्तर लिहा. इथे कुणी स्वतः असं काही करत असेल तर त्यांनी तर नक्कीच लिहा.

---

फ्रेम_मोजणारी

छान विषय. मी स्टॉप मोशन करते, म्हणजे बाहुली थोडी थोडी हलवत एकेक चित्र टिपायचं. त्यामुळे हात शिवशिवले.

पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. कमी खर्चात एक ठेवण दोन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला १२ ठेवणी. एका मिनिटाला ७२०. प्रत्येक ठेवणीला बाहुली हातात घ्यायची, मान केसभर वळवायची, हात काढायचा, टिपायचं. दिवे तसेच राहिले पाहिजेत, टेबलाला धक्का लागता कामा नये. म्हणून स्वस्तातल्या चित्रपटात स्टॉप मोशन चवीपुरतंच असतं. खेळणं पहिल्यांदा डोळे उघडतं तो शॉट, किंवा ते पूर्ण उंचीने चालत जातं तो शॉट. बाकी सगळा भार हाताने हलवायच्या बाहुल्यांवर.

पण घोडा ह्यांचा मुद्दा माझ्या कामात रोज खरा ठरतो. स्टॉप मोशनमध्ये हालचालीचा धूसरपणा नसतो, कारण प्रत्येक फ्रेम टिपताना बाहुली स्थिर असते. त्यामुळे हालचाल तुटक, ठसठशीत दिसते. डायनासोर करताना हा दोष आहे, कारण एवढ्या मोठ्या जिवाच्या अंगात स्नायू आहेत, त्याचं मांस हललं पाहिजे. खेळण्याच्या अंगात स्नायू नाहीत. लाकडाची तुटक हालचाल लाकडाला शोभते. एकच तंत्र, विषय बदलला की दोषाचा गुण होतो.

अजून एक गोष्ट सांगते, जी नवशिक्यांना पटवायला फार वेळ लागतो. बाहुली जितकी कमी हलेल तितकी जास्त जिवंत वाटते. सतत हात-मान हलवत ठेवलेली बाहुली वाऱ्यावर हलणाऱ्या कपड्यासारखी दिसते. स्थिर उभी आहे, मग डोकं वळलं, थांबलं, आणि मग अंग वळलं, की तिने काहीतरी पाहिलं, मनात काहीतरी आलं, हे न सांगता कळतं. आधी नजर, मागून देह. ह्याला एक पैसाही जास्त लागत नाही.

---

त्रिज्या

फ्रेम_मोजणारी ह्यांच्या नजरेच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. १७७४च्या सुमाराचं, जाके-द्रो ह्या घड्याळजींचं ‘लेखक’ नावाचं यंत्र स्वित्झर्लंडच्या नूशातेलच्या संग्रहालयात आहे. लहान मुलाच्या रूपातली बाहुली, आत सुमारे ६००० भाग, आणि ती खरोखर शाईत बोरू बुडवून अक्षरं लिहिते. पण बघणाऱ्याला धक्का बसतो तो अक्षरांमुळे नाही. लिहिताना तिचे डोळे बोरूच्या टोकामागे फिरतात आणि शाई घेताना मान दौतीकडे वळते, तेव्हा तो बसतो. लिहिण्यासाठी डोळे हलायची काही गरज नव्हती. कारागिराने ते कष्ट केवळ जीव आणण्यासाठी घेतले.

आणि जीव दिसायला डोळेसुद्धा लागतातच असं नाही. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल ह्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक छोटी चित्रफीत दाखवली. तिच्यात दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ, एका चौकटीच्या आतबाहेर सरकतात, एवढंच. काय पाहिलंत असं विचारल्यावर जवळजवळ सगळ्यांनी गोष्ट सांगितली: मोठा त्रिकोण दांडगट आहे, वर्तुळ घाबरलंय, वगैरे. पुठ्ठ्याच्या त्रिकोणावर माणूस भीती आणि राग चढवू शकतो, तर चेहरा असलेल्या खेळण्याचं काम किती सोपं! फक्त त्या हालचालीला हेतू हवा.

---

काळा_पडदा

मी थोडा विरोध करतो.

तुम्ही सगळे बाहुल्यांबद्दल बोलताय, पण स्वस्त चित्रपटांत बऱ्याचदा जिवंत खेळणं म्हणजे रंग फासलेला किंवा पोशाख चढवलेला नट असतो. गालांवर लाल टिकल्या, ताठ चाल, झालं खेळणं. ते ‘काय जमत नाही’ वगैरे त्यात कुठे बसतं? आणि खरं सांगायचं तर लहानपणी मला ते बघताना कंटाळा यायचा. मुलं भोळी नसतात. त्यांचा दिवसातला निम्मा वेळ खेळण्यांसोबत जातो. खेळणं कसं पडतं, कसं घरंगळतं, आपटल्यावर कसला आवाज येतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. पडद्यावर चुकलं की ती लगेच ओळखतात.

मुळात अशा कथांना विज्ञानपट म्हणायचं कशाला, तीही शंका आहेच. खेळणी जिवंत झाली, का झाली कुणाला ठाऊक. ही तर परीकथा.

---

त्रिज्या

काळा_पडदा, नटाचं खेळणं का फसतं ह्याचं मोजता येणारं कारण आहे. ते म्हणजे वजन.

समजा खेळणं १७ सेंटिमीटरचं आहे आणि ते करणारा नट १७० सेंटिमीटरचा. म्हणजे सेट दहापट मोठा बांधायचा. पुस्तकाची जाडी ५ सेंटिमीटर असेल तर सेटवर ५० सेंटिमीटरचा ठोकळा. खऱ्या खेळण्याला पुस्तकावरून खाली पडायला साधारण ०.१ सेकंद लागतो. नटाला त्याच्या ठोकळ्यावरून उतरायला ०.३२ सेकंद. उंची दहापट झाली तर पडायचा वेळ दहाच्या वर्गमूळाइतका, म्हणजे सुमारे ३.२ पट होतो. डोळ्याला हे गणित येत नाही, पण फरक कळतो. खेळणं ‘जड’ दिसतं, आणि पाहणाऱ्याला हा मोठ्या सेटवरचा माणूस आहे हे न सांगता समजतं.

लघुप्रतिकृतीतला पूल कोसळताना दाखवायचा तर कॅमेरा वेगात चालवतात, म्हणजे पडद्यावर तो सावकाश, भारदस्त कोसळतो. इथे बरोबर उलट हवं. दहापट मोठ्या सेटवर कॅमेरा सेकंदाला ८ फ्रेमच्या आसपास चालवायचा आणि २४ने दाखवायचं, की पडणं खेळण्याचं होतं. पण मग हातवारेही तिप्पट वेगाने होतात. म्हणून नटाने बोलणं-चालणं तिपटीने सावकाश करायचं आणि उडी मात्र नेहमीसारखी मारायची. हे कठीण आहे, पण त्याला तालीम लागते, पैसे नाही. १२ फ्रेमवर तडजोड केली तरी फरक दिसेल.

ताकदीचंही तसंच. आकार एक दशांश झाला की वजन एक हजारांश होतं, पण पायाच्या जाडीचं क्षेत्रफळ एक शतांशच होतं. म्हणजे वजनाच्या हिशोबात छोटं खेळणं दहापट दणकट. टेबलावरून पडून त्याला काहीच होत नाही. त्याने कड्यावरून पडल्यासारखं विव्हळणं चूक आहे. त्याला भीती कशाची वाटायला हवी? ओलाव्याने गंजण्याची. शिवण उसवण्याची. हीटरजवळ मेण वितळण्याची. खेळण्याची संकटं त्याच्या साहित्यातून यायला हवीत.

---

चावीचा_घोडा

त्रिज्या, शेवटची ओळ मी वहीत उतरवून घेतली. नेमकं हेच मला सांगायचं होतं, पण इतकं नेटकं सुचलं नव्हतं.

काळा_पडदा, विज्ञानपट की परीकथा हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून सावकाश लिहितो.

बाहुल्यांचे चित्रपट करणारे लादिस्लास स्तारेविच ह्यांचा १९३०च्या दशकातला ‘फेतिश’ घ्या. कापडी कुत्रा शिवणाऱ्या आईचा अश्रू आत पडतो आणि त्यातून त्याचं हृदय होतं. मग तो आजारी मुलीसाठी संत्रं आणायला निघतो. अश्रूने जीव कसा येतो, असं कुणी विचारत नाही. परीकथेत कारण सुंदर असलं की पुरतं.

विज्ञानकथेत कारणाला हिशोब द्यावा लागतो. ऊर्जा कुठून येते, किती वेळ पुरते, संपली की काय होतं. कारण खरं असायलाच हवं असं नाही, दुसऱ्या ग्रहावरचं एखादं खनिज चालेल. पण एकदा नियम सांगितला की शेवटपर्यंत पाळायचा. मुलं ह्या बाबतीत अतिशय कडक असतात. ‘मघाशी ह्याची बॅटरी संपली होती ना?’ असा प्रश्न पहिल्यांदा तीच विचारतात.

साधी चावीची कमान घ्या. चावी दिली की स्प्रिंग ताणली जाते, आणि सैल होत जाते तसतसा तिचा जोर घटत जातो. जुन्या घड्याळजींनी हा घटता जोर सारखा करायला शंकूच्या आकाराची खास चकती बसवली होती. खेळण्यात ती नसते. म्हणून खेळणं आधी तुरुतुरु चालतं, मग मंदावतं, मग पाऊल अर्ध्यात थांबतं. चित्रपटाला ह्याहून चांगलं घड्याळ कुठलं? पाठलाग चालू आहे आणि नायक मंदावतोय, हे दाखवायला एकही संवाद लागत नाही.

आणि चावी असते पाठीवर. खेळण्याचा स्वतःचा हात तिथे पोचत नाही. ते कितीही शूर, हुशार असलं तरी त्याला दुसऱ्या कुणीतरी चावी द्यावीच लागते. सगळी मैत्री, सगळा विश्वासघात, सगळा त्याग ह्या एका रचनेत भरलेला आहे. हे मला कुठल्याही जादूपेक्षा मोठं वाटतं, आणि हे विज्ञान आहे म्हणून मोठं वाटतं.

---

खारूताई

वाचतेय, फार आवडलं. माझी सात वर्षांची भाची असे चित्रपट बघताना मध्येच तोंड फिरवते. मारामारीला घाबरत नाही, पण हसणाऱ्या बाहुलीला घाबरते. जिवंत खेळणी म्हटली की भीतिपटही आठवतात. फुल मूननेच ‘पपेट मास्टर’ (१९८९) काढला, तो तर मोठ्यांनाही दचकवणारा. बाहुली गोड वाटणं आणि भयानक वाटणं ह्यात नक्की काय असतं?

---

फ्रेम_मोजणारी

खारूताई, तुमच्या भाचीची प्रतिक्रिया अगदी रास्त आहे. जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी ह्यांनी १९७० साली एक कल्पना मांडली: कृत्रिम गोष्ट माणसासारखी दिसत जाते तसतशी ती आवडत जाते, पण जवळजवळ माणूस झाली आणि थोडीशीच उणी राहिली की एकदम शिसारी येते. गुळगुळीत गाल, ओले डोळे, हलणारे ओठ ह्या बाहुल्या त्या खड्ड्यात पडतात. ठोकळ्याचा रोबो पडत नाही.

म्हणून मुलांच्या चित्रपटात चेहरा हलवूच नये, असं मी सांगेन. ओठ हलवण्याची यंत्रणा खर्चिक असते आणि बहुतेक वेळा बिघडवतेच. जपानी नोह नाटकातला लाकडी मुखवटा पाहा. किंचित वर उचलला की उजळतो, खाली झुकवला की उदास होतो. मुखवटा तोच, त्यावरच्या सावल्या बदलतात. बाहुलीच्या कपाळाचा आणि भुवयांचा उंचवटा थोडा जास्त कोरा, वरून एक दिवा लावा आणि मान वापरा. सगळे भाव मिळतात.

दुसरं म्हणजे, स्मित कोरलेली बाहुली शक्यतो टाळा. दुःखाच्या प्रसंगातही ती हसतच राहते आणि मूल घाबरतं ते त्यालाच. तोंड सरळ रेषेचं ठेवा, बाकी बघणारा भरतो.

---

काळा_पडदा

चावीबद्दल वाचून माझं मत बदललं, हे मोकळेपणाने सांगतो. विज्ञानकथा म्हणजे यानं आणि लेझर अशी माझी समजूत होती, हा हिशोबाचा मुद्दा पटला.

मी ध्वनीवर काम करतो, तर माझ्याकडून एक भर. वजनाबद्दल त्रिज्या बोलले, ते वजन अर्धं कानाने कळतं. स्वस्त चित्रपट इथे सर्वात जास्त कमावू शकतो, आणि इथेच सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. बाहुलीच्या पावलांना माणसाच्या बुटांचा आवाज लावला की सगळी मेहनत पाण्यात. लाकडी खेळण्याचा टक्, पोकळ प्लॅस्टिकचा ठप्, पत्र्याचा किंचित घुमणारा छन्न. आवाज मायक्रोफोन अगदी जवळ ठेवून, छोट्या वस्तूंनीच घ्यायचा. कापडी अस्वल चालतं तेव्हा जवळजवळ काहीच ऐकू येऊ नये. ती शांतताच त्याची ओळख आहे. एकदा मुलाच्या कानाला ही पावलं ओळखू येऊ लागली की पुढे खेळणं दाखवायचीही गरज नाही. कपाटामागून टक् टक् आला, शिपाई आला. एक महागडा शॉट वाचला.

---

पहिलीच_रीळ

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय. पंधरा मिनिटांचा लघुपट करतेय, त्यात नऊ वर्षांचा मुलगा आणि पत्र्याचा एक रोबो. वरचं सगळं वाचून पटकथेत बदल करायला घेतले. दोन अडचणी आहेत. एक, खेळण्याचा क्लोजअप घेतला की मागचं सगळं धूसर होतं आणि ते ‘जाहिरातीतल्या वस्तू’सारखं दिसतं. दोन, मुलाचा अभिनय. हलवणारे हात आम्ही नंतर संगणकावर पुसणार होतो, किंवा रोबो संगणकावरच काढून नंतर बसवायचा. तालमीत त्याच्यासमोर काठीला चेंडू लावून दिला, तर मुलगा अगदी कोरा वाटतोय.

---

फ्रेम_मोजणारी

पहिलीचं उत्तर: छोट्या वस्तूजवळ लेन्स गेली की स्पष्ट दिसणारा पट्टा अगदी अरुंद होतो. लेन्सचं छिद्र बारीक करा, एफ ११ किंवा १६ पर्यंत, आणि त्यासाठी प्रकाश भरपूर वाढवा. दिव्यांच्या उष्णतेकडे लक्ष असू द्या, डिंकाचे जोड सुटतात. वाइड लेन्स घ्या आणि कॅमेरा जमिनीला टेकवून रोबोच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. वरून पाहिलं की ती वस्तू, समोरून पाहिलं की पात्र. आणि मागे खोली दिसू द्या. टेबलाचा पाय, पलंगाखालचा अंधार, दूरवरचं दार. त्याच्या दृष्टीने ते केवढं लांब आहे हे दिसायला हवं.

---

चावीचा_घोडा

दुसऱ्याचं मी सांगतो. संगणकावरचा रोबो सोडून द्या.

झेकोस्लोव्हाकियातल्या हर्मिना तिर्लोव्हा ह्यांनी दुसरं महायुद्ध संपल्यावर लगेच एक लघुपट केला होता. खेळणी बनवणाऱ्याच्या कार्यशाळेत गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, माणूस शिरतो आणि खेळणी त्याच्यावर उठतात. माणूस खरा, खेळणी बाहुल्या. साधनं आजच्या मानाने काहीच नव्हती. तरी तो सगळा सामना खरा वाटतो, कारण माणूस आणि खेळणी एकाच टेबलावर, एकाच उजेडात आहेत.

तुमच्या मुलाला चेंडू देऊ नका, रोबोच द्या. टेबलाला भोक पाडा, खाली बाहुली हलवणारा बसवा, रोबोला मागून किंवा खालून काठी लावा. संवादही त्यानेच तिथल्या तिथे बोलायचे, रेकॉर्डिंग नंतर वेगळं करा. मुलगा पहिली पाच मिनिटं टेबलाखालच्या माणसाकडे बघेल. मग रोबोकडे बघू लागेल, आणि त्यानंतर माणूस समोर येऊन उभा राहिला तरी तो रोबोशीच बोलेल. काठी लपवायला चौकट वर घ्या, समोर एखादं पुस्तक ठेवा. मोजके शॉट उरतील तेवढेच संगणकावर पुसा.

आणि चावी देण्याचा प्रसंग असेल तर तो चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवसांत ठेवा. तोवर मुलाची त्या रोबोशी गट्टी झालेली असेल, आणि चावी किती हळू फिरवायची हे त्याला सांगावं लागणार नाही.

---

पहिलीच_रीळ

टेबल कापायला घेतलंय. चावीचा प्रसंग शेवटच्या दिवसावर नेला. काळा_पडदा, पत्र्याच्या पावलांचा आवाज घेताना मायक्रोफोन किती अंतरावर ठेवू, आणि टेबल पोकळ असेल तर घुमेल का?

---

काळा_पडदा

घुमेल. आवाज त्या टेबलावर घेऊ नका. जाड लाकडी फळीखाली घोंगडी घाला, वर खरा पत्र्याचा डबा किंवा रोबोचाच सुटा पाय हाताने चालवा, मायक्रोफोन वीतभर अंतरावर. चावी मंदावतानाची पावलं वेगळी घ्या, नेहमीची पावलं संगणकावर ताणून हळू करू नका. ताणली की पत्रा जाड वाटतो.